रुमालाखालचा आकडा

आप्पा शेट्यांनी माझ्या डाव्या हातावर आपला चौकड्यांचा रुमाल पसरला आणि त्याखाली स्वतःचा हात सरकवला.

"बघायचं नाही," मुल्ला मॅडम म्हणाल्या. "डोळे मिटा आणि सांगा. किती?"

मी डोळे मिटले. डोळे मिटले की माझा डावा हात नाहीसाच व्हायचा. तो हलायचा, उचलला जायचा, पण कुठं आहे ते बघितल्याशिवाय मला कळायचं नाही. रुमालाखाली काहीतरी चाललं होतं, पण शेजारच्या घरात कुणी भांडी हलवावीत तितकं लांब.

"तीन?"

"अंहं," आप्पा म्हणाले. त्यांच्याजवळ तेवढाच शब्द उरला होता. होकारालाही तोच, नकारालाही तोच, मानेवरून ओळखायचं.

"मग दोन?"

"अगं, सौद्यात उभी हायस का?" हौसाक्का पलीकडून म्हणाल्या. "सारखी बोली बदलतीयास. एक आकडा धर आन् त्यावर बस की."

मी डोळे उघडले. आप्पांनी हात बाहेर काढला आणि चार बोटं दाखवली.

चार. माझी चार बोटं एका माणसानं मुठीत धरली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तासगावात बेदाण्याचे सौदे होतात त्या शेडपैकी एक शेड सकाळी आठ ते साडेनऊ आम्हाला मिळायची. आम्हाला म्हणजे अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्यांना. दुपारी जिथं व्यापारी फिरायचे तिथं सकाळी प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडून आम्ही बसायचो. गंधकाच्या धुरीचा आणि गोड मनुकांचा असा मिळून एक वास तिथल्या फरशीलाच लागला होता. मुल्ला मॅडम फिजिओथेरपिस्ट. त्यांचं म्हणणं, एकेकट्यानं घरी व्यायाम केला की माणूस चौथ्या दिवशी सोडतो. चारजण बघत असले की लाजेनं तरी करतो.

गोलात बारा-तेरा माणसं असायची, पण माझ्या बाजूला रोज तीच तीन. हौसाक्का आयुष्यभर बेदाणा निवडायला जात; त्यांची डावी बाजू गेली होती आणि तोंड दोन्ही बाजूंनी शाबूत होतं. माने सर शाळेत पीटी शिकवत. आकडे मोजायचं काम त्यांच्याकडे. झटक्यानंतर त्यांच्या मोजणीतून सात गळाला होता. "पाच, सहा, आठ, नऊ," ते खणखणीत आवाजात म्हणत आणि आम्ही सगळे साताला गाळून बसत-उठत असू. कुणी कधी दुरुस्त केलं नाही. हौसाक्का म्हणायच्या, "एक बैठक कमी झाली, देव सरांचं भलं करो."

आणि आप्पा. चाळीस वर्षं बेदाण्याची दलाली केलेला माणूस. त्यांची उजवी बाजू आणि वाचा एकदमच गेली. त्यांच्या मुलानं मॅडमना सांगितलं होतं, की जुन्या काळी आप्पा रुमालाखाली सौदे करत. तिसऱ्याला भाव कळू नये म्हणून दोघांचे हात रुमालाखाली, आणि बोलणं सगळं बोटांचं. पंजा धरला की पाच. बोटं धरली तर जितकी धरली तितके. नख दाबलं तर वर पाव, मधलं पेर दाबलं तर अर्धा, दोन्ही दाबली तर पाऊण. बोलणी पटली की दलाल रुमाल ओढून घ्यायचा; सौदा पक्का. पटली नाहीत तर रुमाल तिथंच पडून राहायचा.

"आपल्याला हेच पाहिजे होतं," मॅडम मला म्हणाल्या होत्या. "तुमच्या हाताला ताकद आहे, पण खबर नाही. आप्पांकडं खबर आहे, पण तोंड नाही. रोज दहा मिनिटं एकमेकांचे हात धरा."

"धरू दे की," हौसाक्का म्हणाल्या. "आप्पांच्या म्हातारीला इचारलंय का पण?"

आप्पा त्यावर एवढे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण सौद्याला बसले की ते हसत नसत. दहा मिनिटं झाली की आपला हात काढून घेत आणि रुमाल माझ्या हातावर तसाच ठेवत. तो मीच घडी घालून परत द्यायचा. सौदा झालेला नसायचा.

मी गोलात सगळ्यांत लहान. अठ्ठावीस वर्षांची. बाळ अठरा दिवसांचं होतं तेव्हा माझ्या मेंदूतल्या शिरेत रक्ताची गाठ झाली. बाळंतपणानंतर क्वचित होतं असं डॉक्टर म्हणाले. माझं शिक्षण बी.एस्सी., बॉटनी; क्वचित म्हणजे लाखात किती, हे मी बोलता यायला लागल्यावर पहिलं विचारलं. आकडा कळला आणि मला दोन रात्री झोप आली नाही.

पाय महिन्याभरात सुधारला. हातही हलायला लागला. दवाखान्यातून घरी आले त्या दुपारी मी बाळाला मांडीवर घेतलं, मग डाव्या हातावर. सासूबाई समोर तांदूळ निवडत होत्या. मी बाळाच्या जावळाकडे बघत होते. मला वाटत होतं मी त्याला घट्ट धरलं आहे. अगदी शपथेवर सांगितलं असतं. तेवढ्यात तांदळाचं सूप फेकून सासूबाई धावल्या आणि त्यांनी बाळाला फरशीच्या वीतभर वर झेललं.

माझा हात अजूनही तसाच वाकलेला होता. रिकामा.

त्या एक शब्द रागावल्या नाहीत. बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाल्या, "तुझ्या हाताचं तुला कळत नाही, ऋजुता. कळेल तेव्हा घे."

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडची तीच रीत. आत्या अंगणवाडीत सेविका होत्या. तीस वर्षं दर महिन्याला गावची पोरं झोळीत घालून काट्याला टांगायची आणि तक्त्यावर टिंब मारायचं, हे त्यांचं काम. बोलण्यावर त्यांचा विश्वास नसे, काट्यावर असे. बाळाचं वजनही त्या दर सोमवारी करत. मी बसून त्याला पाजू शकत होते, तेही आत्यांचा हात खाली असताना. उचलायचं नाही, कडेवर नाही, चालताना तर नाहीच.

बारसंही राहिलं होतं. माझी नणंद दोनदा म्हणाली, "आई, मी पाळण्यात घालते की. सहा महिने होत आले. लोक उष्टावण करतात या दिवसांत, आणि आपलं पोर अजून बिननावाचं."

"त्याला आई आहे," आत्या म्हणाल्या. "ती उचलून पाळण्यात घालेल तेव्हा बारसं. तोवर बाळ्या म्हणा. त्याची काही तक्रार नाही."

नवरा, धैर्यशील, नोकरीला पुण्यात. शनिवारी यायचा आणि आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघून रविवारी जायचा. आत्या माझ्या बाजूनं बोलत होत्या की माझ्या विरुद्ध, हे मला तेव्हा ठरवता येत नव्हतं.

शेडमधल्या व्यायामात शेवटचा असायचा तो पाव्हणा. म्हणजे एक मांजरपाटाची पिशवी, आत वाळू, बाहेरून उशीसारखी शिवलेली. चार किलोची, मॅडमनी सांगितलं होतं. ती गोलात या मांडीवरून त्या मांडीवर फिरवायची. दोन्ही हातांनी घ्यायची, छातीशी धरायची, माने सरांनी दहा मोजले की पुढच्याला द्यायची. नाव हौसाक्कांनी ठेवलेलं. "येतोय, घडीभर बसतोय, आन् जातोय. पाव्हणाच की ह्यो. आप्पा, च्या-पानी इचारा."

पहिले दोन आठवडे पाव्हणा माझ्याकडे नीट यायचा आणि नीट जायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सर "सहा, आठ" म्हणत असतानाच माझा डावा हात घसरला आणि पिशवी गुडघ्यावरून फरशीवर गेली. धप्प आवाज झाला. 

"पाव्हणं रुसलं," हौसाक्का म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. मीही नाही.

पुढल्या आठवड्यात दहापर्यंत धरताना माझा दंड थरथरायला लागला. मला कळेना. महिनाभर रोज व्यायाम करून माणूस बळकट व्हायला हवा, मी तर उलटी चालले होते. मी हौसाक्कांना हळूच विचारलं, "अक्का, पाव्हणा जड झालाय का हो?"

"न्हाई बा," त्या लगेच म्हणाल्या. "हाय तेवढाच हाय."

"सर, तुम्हाला?"

माने सर छताकडे बघून म्हणाले, "वजन हे मनात असतं."

हे उत्तर पीटीच्या मास्तरांचं नव्हतं. पण तेव्हा मला त्यात विचित्र काही दिसलं नाही; भीतीनं डोकं भरलेलं होतं. पुन्हा झटका येतोय. हळूहळू, कुणाला न कळता, आतून. मी मॅडमना सांगितलं नाही, धैर्यशीलला नाही, आत्यांना तर नाहीच. सांगितलं असतं तर बाळ मांडीवरूनही गेलं असतं.

भीती फार झाली की मी मोजायला लागते. हा माझा जुना स्वभाव. घरी पाच किलो आट्याचं न फोडलेलं पाकीट होतं. आत्या बाळाला कडेवर घेऊन अंगणवाडीत गेल्या की मी ते डाव्या हातावर घ्यायची, उजवा नुसता आधाराला, आणि मनात आकडे म्हणायची. सोमवारी वीस. बुधवारी सव्वीस. शनिवारी चाळीस.

मी पाकीट ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. पाच किलो चाळीस आकडे धरणारा हात चार किलो दहा आकडे धरताना का थरथरतो? दोन्ही खरं असू शकत नव्हतं. कॉलेजात प्रयोग चुकला की आमच्या बाई म्हणायच्या, आधी झाडाला दोष देऊ नका, काटा तपासा.

एकीकडे रुमालाखाली मात्र वेगळंच घडत होतं. शेजारच्या घरातली भांडी जवळ आली होती. आधी दाब कळायला लागला, मग कुठलं बोट ते, मग नख की पेर. आप्पा मला आता पाव-अर्धा शिकवत होते. चारनंतर सव्वाचार, साडेचार, असं दोन-तीन दिवस एकच आकडा द्यायचा आणि मग थोडा वर. आकडा कधी खाली आला नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्या दलालाची सवय. भाव चढताच ठेवायचा. एका शुक्रवारी त्यांनी पंजा धरला, मग एक बोट, आणि त्या बोटाचं नख आणि पेर दोन्ही दाबली.

"पावणेसात," मी डोळे मिटूनच म्हणाले.

गोलात टाळ्या पडल्या. हौसाक्का आपल्या चांगल्या हातानं मांडी बडवत होत्या. आप्पांचा चेहरा मात्र गंभीर होता. त्यांनी तोच आकडा पुन्हा धरला. पंजा, एक बोट, नख, पेर. जरा जास्तच जोरात, जसं काही मी ऐकलं खरं, पण समजलं नाही.

शनिवारी मी पाऊण तास आधीच शेडवर गेले. आप्पांच्या मुलानं कुलूप काढलं होतं आणि तो खोकी मोजायला मागं गेला होता. आप्पा आपल्या खुर्चीत एकटेच बसले होते. पाव्हणा कोपऱ्यात स्टुलावर होता, आणि शेडच्या दाराशी बेदाण्याचा मोठा काटा.

मी आप्पांना नमस्कार केला, पाव्हण्याला दोन्ही हातांनी उचललं आणि काट्यावर ठेवलं. लाल आकडे जरा थरथरले आणि थांबले.

६.७५०.

मी वळून आप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी डावा हात वर केला, पाचही बोटं पसरली, मग एक बोट, मग अंगठ्यानं त्याचं नख आणि मधलं पेर.

"तुम्ही मला रोज वजन सांगत होता?" मी विचारलं.

मान खाली-वर. "अंहं."

पिशवीचं एक टोक हातशिलाईचं होतं, लांब टाक्यांचं, उसवायला सोपं. मी ते उसवलं. आत वाळूच्या मूळ पिशवीच्या भोवती वाळूच्याच छोट्या छोट्या पुरचुंड्या होत्या, अकरा. एक हिरवी ठिपक्यांची. एक निळी, नाडीसकट. आणि एक पिवळी, बदकांची, जिच्यावर इस्त्रीचा तपकिरी चटका होता. तो चटका मीच दिला होता, गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात, पहिलंच झबलं इस्त्री करताना. महिन्यापूर्वी ते सापडेना म्हणून मी विचारलं, तर आत्या म्हणाल्या, "लहान झालं होतं. दिलं एकाला." मला न विचारता माझ्या बाळाचं पहिलं झबलं देऊन टाकलं म्हणून मी मोरीत जाऊन रडले होते.

मला राग यायला हवा होता. पण आधी आलं ते कुतूहल. बाळाचं वजन सोमवारी सात किलो भरलं होतं. मग इथं पावणेसात का?

आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं. मग त्यांनी हवेत एक पायरी दाखवली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. अजून चढायचं आहे.

मी टाके परत घातले. डाव्या हातानं कापड धरलं आणि उजव्यानं सुई चालवली, आणि अर्ध्यात लक्षात आलं की कापड न बघताच धरलं आहे.

मी घरी काही बोलले नाही. नुसती बघत राहिले. दुपारी बाळ झोपलं की आत्यांच्या खोलीतून शिलाई मशीन जेमतेम वीतभर चालायचं आणि थांबायचं. सोमवारी झोळीतून बाळाला काढताना त्या मोठ्यानं म्हणाल्या, "सात शंभर," आणि मग तोंडातल्या तोंडात काहीतरी वजाबाकी केली. यात माझ्यासाठी काय होतं, परीक्षा की मदत, ते मला अजून उमगत नव्हतं. एवढंच कळत होतं, की ही बाई माझ्यापेक्षा जास्त मोजते.

पण त्याच दिवशी शेडमध्ये जे झालं ते मला सगळ्यांत जास्त लागलं. पाव्हणा हौसाक्कांकडून माझ्याकडे आला. आता मला माहीत होतं: पावणेसात. गेला आठवडाभर मी तो न पाडता दहा आकडे धरला होता. आता मनात आकडा दिसला, लाल, काट्यावरचा. जवळजवळ बाळाएवढा. सरांनी तीनही म्हटलं नसेल, डावा हात सुटला.

धप्प.

 मॅडमनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान खाली घातली, सौद्यात खोट आल्यावर दलालानं घालावी तशी.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी रुमाल टाकला आणि माझा सगळा हात आपल्या हातात घेतला. मी वाट बघत राहिले. ना बोट, ना नख. नुसता हात.

"पाच?"

नाही.

"मग किती, आप्पा?"

नाही. त्यांनी फक्त धरून ठेवला. दहा मिनिटं. तळहात गरम होता, खरखरीत, अंगठ्याच्या मुळाशी एक जुनी गाठ होती. हे सगळं मला कळत होतं, याचंच मला नवल वाटत राहिलं. त्या दिवसापासून त्यांनी आकडा दिला नाही. पाव्हणा आला की मीही काटा आठवायचा नाही असं ठरवलं. त्याऐवजी कापड कुठं टोचतंय, वाळू कोणत्या बाजूला सरकतीय, दंडाला कुठं ओढ बसतीय, ते बघायचं. म्हणजे न बघता बघायचं. आठ-दहा दिवस गेले. पाव्हणा पडला नाही.

मग एका गुरुवारी, व्यायाम संपत आला असताना, आत्या शेडच्या दारात उभ्या राहिल्या. अंगणवाडीची गुलाबी साडी, आणि कडेवर बाळ्या.

"आल्या शालनबाई," हौसाक्का पुटपुटल्या आणि एकदम सरळ बसल्या. सगळा गोल सरळ बसला. तेव्हा मला कळलं की इथं मी सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं.

आत्यांनी कुणाशी न बोलता काट्यावर आपली शाल पसरली, काटा शून्यावर आणला आणि बाळाला त्यावर ठेवलं. बाळ्यानं लाल आकडे धरायला हात पुढं केला.

"सव्वासात," त्या म्हणाल्या. मग बाळाला उचलून मुल्ला मॅडमकडे दिलं आणि पाव्हण्याला काट्यावर ठेवलं. "सव्वासात."

"आत्या," मी म्हणाले, "मला माहीत आहे. झबली बघितली मी."

त्या वळल्या. "कधी?"

"पावणेसातला."

"कुणी सांगितलं?"

 आप्पा छताकडे बघायला लागले, अगदी माने सरांसारखे.

"अरे देवा," आत्या म्हणाल्या. "बोलता येत नाही म्हणून तर पुरचुंड्या आत भरायचं काम यांच्याकडं दिलं. म्हटलं, यांच्या तोंडून फुटायचं नाही."

"तोंडातनं कुठं फुटलंय," हौसाक्का म्हणाल्या. "दलाल हाय त्यो. वजन लपवून झोप याची न्हाई त्याला. आम्ही मातूर शपथ पाळली हां शालनबाई, ल्येकराची."

"पण मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. आवाज चढला होता, हे मलाच ऐकू आलं.

"सांगितलं असतं तर चार किलोच्या वर गेली असतीस?" आत्या म्हणाल्या. "दवाखान्यात डॉक्टर बीपीचा आकडा म्हणाले की तुझं बीपी वाढायचं. ताप मोजायचीस बाळाचा, नसला तरी तीनदा. तुला आकडा कळला की तुझे हात जातात, ऋजुता. मी तीस वर्षं आया बघतीय. पोर हातातून पडतं ते वजनानं नाही."

मला त्या सोमवारचा धप्प आवाज आठवला. 

"आता तर कळलंय," त्या म्हणाल्या. "आकडाही कळलाय, वजनही तेच. बस खुर्चीवर."

पाव्हणा हौसाक्कांकडून माझ्याकडे आला. माने सरांनी मोजलं. दहा झाले. मी तो पुढं द्यायला वळले तर समोर आत्या वाकून उभ्या होत्या. त्यांनी पाव्हणा माझ्या हातांतून घेतला, सरळ फरशीवर ठेवला, आणि मॅडमकडून बाळाला घेऊन त्याच जागेवर, त्याच वाकलेल्या हातावर ठेवलं.

पाव्हणा हलत नाही. बाळ हलतं. ते वळलं, पाय झाडले, माझ्या गळ्यातली पोत ओढली. आत्यांचे दोन्ही तळहात खाली होते, बोटभर अंतरावर, न टेकलेले.    माने सर मोजायचेच विसरले.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आप्पा काठी टेकत आले, क्षणभर ती अंगाला टेकवून खांद्यावरचा रुमाल काढला आणि बाळाच्या पाठीमागून पुढं आलेल्या माझ्या डाव्या हातावर पसरला.

"डोळे," मुल्ला मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

बाळ हातात असताना डोळे मिटायचे. मी आत्यांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, आणि खालचे हात काढून घेऊन पदरात धरले.

मी डोळे मिटले. हात नाहीसा झाला नाही. तो तिथंच होता, बाळाच्या काखेखाली, आणि त्यावर श्वास वर-खाली होत होता. आणि मग रुमालाखाली कुणीतरी माझं एक बोट धरलं. एकच. नख मोकळं, मधल्या पेरावर घट्ट दाब. एक आणि अर्धा.

"दीड," मी म्हणाले. "आप्पा, दीड कसं?"

 मी डोळे उघडले. आप्पा माझ्यासमोर उभे होते. एक हात लुळा, अंगालगत. दुसऱ्यात काठी.

बाळ्याचा एक हात माझ्या पोतीत होता, दुसरा दिसत नव्हता. रुमालाखाली बोट अजून कुणीतरी धरलेलंच होतं.

आप्पांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली, वाकले, आणि चांगल्या हातानं रुमाल ओढून घेतला.